कॅमेऱ्यावरचं फडकं

वच्छलाबाई मनानं वाईट नव्हे, पण धाकट्या जावेचं भलं झालेलं तिला सोसत नसे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चाळीस वर्षांची खोड ती. दोघी माळशिरसकडच्या, सख्ख्या भावांना दिलेल्या. वच्छला थोरली, हौसा धाकटी. सासूनं हौसाला बोरमाळ घातली तेव्हा वच्छलाबाई दोन दिवस जेवली नव्हती. हौसाची पुरी टम्म फुगली तरी हिच्या पोटात दुखायचं.

भावांनी जुळे सोलापुरात एकाला एक लागून घरं बांधली, मधली भिंत सामाईक ठेवली आणि यथावकाश दोघंही देवाघरी गेले. वच्छलाबाईनं गणवेशाच्या कारखान्यात बावीस वर्षं शर्टाच्या कॉलरी शिवून ऋतुराजला इंजिनिअर केला. तो हैदराबादला. हौसाचा अजिंक्य पुण्याला. एवढ्यापुरती बरोबरी होती, म्हणून वच्छलाबाईला झोप तरी लागायची.

पण गल्लीतल्या एका मास्तरांकडं भरदुपारी चोरी झाली. चोरांनी आधी काठीनं कॅमेऱ्याचं तोंड आभाळाकडं केलं आणि जाताना चित्रण साठवणारा डबाच उचलून नेला. आता बसा बघत! हे ऐकून अजिंक्य हादरला आणि त्यानं आईच्या घराला कॅमेरे लावायला यशपाल नावाचा मिस्त्री धाडला.

यशपाल कामाला पक्का. कॅमेरा दहा फुटांवर, वायर लोखंडी पाइपात, डबा आत कुलपाच्या कपाटात. शिवाय त्या कॅमेऱ्यावर नजर ठेवायला समोरच्या खांबावर दुसरा कॅमेरा.

"कुणी हात लावू दे न्हायतर फडकं टाकू दे, पुण्यात सायबांच्या फोनवर लगेच घंटी वाजती बगा," तो सांगत होता.

वच्छलाबाई ज्वारी निवडायचं निमित्त करून दारात बसली होती. तिच्यानं राहवलं नाही. "आन आमचं दार दिसतंय का रं ह्यातनं?"

"न्हाय मावशी. तुमच्या भिंतीपाशी संपतंय की."

झालं! मेल्या कॅमेऱ्यालासुद्धा ही नको! सुपातली ज्वारी खड्यांसकट डब्यात गेली. त्याच दिवशी तिनं ऋतुराजला फोन लावून आपल्यालाही कॅमेरा मागितला. तो गाडी चालवत होता. हसला आणि म्हणाला, "आई, तुझ्या घरात चोरण्यासारखं हाय तरी काय?" मग सिग्नल सुटला, फोनही सुटला.

इकडं हौसाचा थाट काय विचारता. शनिवारी तिनं नव्या कॅमेऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधली, तीही थेट कॅमेऱ्याच्या तोंडाशी. दृष्ट कुणाची, हे वेगळं सांगायला नको होतं. बांधताना ती सामाईक भिंतीकडं बघत होती. तेव्हापासून तिचा फोन दिवसातनं चार-चारदा वाजायला लागला आणि भिंतीपलीकडून ऐकू यायला लागलं, "व्हय रं बाळा... न्हाई, कोण न्हाई आलं... जेवले की, शेंगाची चटणी आन भाकरी." हौसा बोलायची तीही गल्लीला ऐकू जाईल अशी. वच्छलाबाईनं ताट बाजूला सारलं. कुणाचं पोर दिवसातनं चारदा आईची चौकशी करतं हो? आपलं महिन्यातनं एकदा करतं, तेही सिग्नल लाल असला तर!

दोन आठवड्यांनी यशपाल पुन्हा आला आणि लिंबू-मिरची उतरवून घेऊन गेला. वाऱ्यानं लिंबू हललं की घंटी वाजते, साहेबांना ऑफिसात काम सुधरत नाही, असं म्हणाला. हौसानं दृष्टीचं कारण सांगून लई गयावया केली, पण तो ऐकतोय कशाला.

आणि पलीकडचा फोन थांबला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. खोटं कशाला बोला, वच्छलाबाईला आनंद झाला. चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. फोन हौसाला येतच नव्हता. लिंबाला येत होता!

दुपारी एकला ती शेवग्याच्या शेंगा पाडायची आकडी घेऊन आपल्या गच्चीवर गेली. यशपालनं चोराचा विचार केला होता, भावकीचा नव्हता. थोरलीच्या गच्चीवरनं कॅमेरा हातभर खाली होता. तिनं आकडीला फडकं अडकवलं आणि कॅमेऱ्यावर टाकलं. घे म्हणावं आता, बघ काय बघायचं ते! मनात एवढंच होतं, की अजिंक्यला धडकी भरावी आणि हौसाला बोलणी बसावीत.

फोन वाजला तो तिचाच.

"मोठी आई, एवढ्या उन्हात गच्चीवर कशाला चढलीस? पाय घसरला म्हंजे?"

वच्छलाबाईनं आकडी पाठीमागं लपवली. "मी न्हवं रं. वांदर हाय."

"वांदरानं चष्मा घातलाय की," अजिंक्य हसत म्हणाला. खांबावरच्या दुसऱ्या कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं. "असू दे. बीपीची गोळी घेतलीस का? आदी खाली उतर बगू."

शिव्या खायच्या तयारीत असलेल्या बाईला गोळी विचारली तर तिनं काय करावं? गोळी घेतली का, हे तिला नवरा गेल्यापासून कुणी विचारलं नव्हतं. ती जिन्यातच बसली आणि दहा मिनिटं बोलली.

दुसऱ्या दिवशी एकला पुन्हा फडकं. तिसऱ्या दिवशीही. अजिंक्यची त्यावेळी जेवणाची सुट्टी असायची. "आलं का वांदर?" अशी सुरुवात व्हायची. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "मोठी आई, निस्ता फोन केलास तरी मी उचलीन की." पण हिचा विश्वास बसेना. आपण केलेला फोन पोरं गाडी चालवताना उचलतात, हे तिला ठाऊक होतं.

आठवडाभरानं हौसा हिच्या दारात आली. आपणहून ती कधी यायची नाही.

"आक्का, तुमी गच्चीवर जाता नव्हं? तेवढा कॅमेरा बगा की. बंद पडलाय वाटतं. आज बारा दिस झाले, अजिंक्यचा फोन न्हाय. मी केला तर कामात हाय म्हणतो."

वच्छलाबाईला खोटं बोलता आलं असतं. वांदर होतंच तयार. पण हौसाचे ओठ सुकले होते आणि पदर उलटा घेतलेला तिच्या ध्यानातही नव्हता.

"कॅमेरा चालू हाय, हौसे. मी रोज एकला झाकते. मग तो मला फोन करतो."

हौसानं आधी तिच्या सात पिढ्या काढल्या. चोर म्हणाली, डाकीण म्हणाली, पोटच्या पोरानं इचारलं न्हाय म्हणून माझ्या पोरावर डोळा ठेवलास, असंही म्हणाली. मग हौसाचा दम संपला आणि ती उंबऱ्यातच खाली बसली.

"काय बोलतो वो तो तुमच्यासंगं?"

"काय न्हाय... गोळी घेतली का इचारतो. भाजी कंची केली म्हणतो. गुडघ्याला तेल लाव म्हणतो."

"मला निस्तं इचारायचा, आई, कॅमेऱ्यापाशी कोण हाय. कोण न्हाय म्हणलं की ठेवायचा. पुढचं मी एकलीच बोलायची."

हौसानं मान वर करून बघितलं. ती नजर वच्छलाबाईच्या चांगलीच ओळखीची होती. चाळीस वर्षं तिनं देवाकडं मागितलं होतं, की एकदा तरी ही माझ्यावर जळू दे. आता ती समोर बसून जळत होती, आणि वच्छलाबाईला रडूच फुटलं.

"उद्या एकला तू ये वर," ती डोळे पुसत म्हणाली. "आकडी तुज्या हातात देते. तूच टाक फडकं."

"नगं," हौसा उठली. "मी टाकलं तर तो फकस्त फडकं काढ म्हणंल." आणि चपला पायात सरकवून ती आपल्या घरी गेली.