झाडांना अहो म्हणणारे साहेब

अख्ख्या नागपुरात झाडाला ‘अहो’ म्हणणारा माणूस मी एकच पाहिला. पुरुषमाणसांना ते साहेब सरसकट ‘अरे’ म्हणत, ठेकेदारालासुद्धा. पण कडुलिंबाजवळ गेले की चप्पल काढून, “अहो, जरा हात वर करा, माप घेतो,” असं म्हणत आणि खोडाला सुतळी गुंडाळत. आमच्या अंगणवाडीच्या ताई हसल्या तर म्हणाले, “हसू नका. वयानं मोठे आहेत ते माझ्याहून.”

सरकारी पैशातून काही बांधायचं असलं की त्या जागेवर जुनं झाड, जुनं बांधकाम काही आहे का, ते आधी पाहावं लागतं. ते पाहणं हे साहेबांचं काम. त्यांचा कागद झाल्याशिवाय पैसा सुटत नसे. इतर साहेब लोक गाडीतून न उतरता कागद करतात म्हणे. हे मात्र स्कूटरवर येत, दगड दिसला की बोटाच्या पेरानं ठोकून कान लावत, जसा आपण नारळ घेताना लावतो. पाहणी होईपर्यंत चहा घेत नसत. “चहा पोटात गेला की नाही म्हणायले जीभ वळत नाही,” म्हणत. पाहणी झाली की मात्र लागोपाठ तीन कप पीत आणि साखर कमी आहे म्हणून कुरकुरत.

मी वाडीतल्या त्या अंगणवाडीत मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांचे हात धुवायचे, बोलायचं काम ताईंचं. गोदामांच्या मागे टिनाचं शेड होतं आमचं. उन्हाळ्यात त्यात पोरं अक्षरशः भाजत. एक पोरगी तर माझ्याच मांडीवर चक्कर येऊन पडली होती. दोन खोल्यांची पक्की इमारत मंजूर झाली तेव्हा आम्ही गूळ वाटला. अट एकच, मार्च संपायच्या आत कागद पूर्ण व्हायला हवा. नाहीतर पैसा परत. ताईंनी अर्जात आधीच लिहून दिलं होतं, ‘जागेवर जुने काही नाही.’

साहेब आले, लिंबाचं माप घेतलं, दगड ठोकले आणि मग एक घमेलं पालथं घालून त्यावर तासभर नुसते बसले. ही त्यांची रीत. काही सापडलं नाही तरी तास पुरा करायचा. मग इकडे वळून मलाच म्हणाले, “बाई, तुमचं माहेर इथलंच ना? लहानपणी पाणी कुठून भरत?”

“तिले काय विचारता साहेब, मी सांगते ना,” ताई म्हणाल्या.

“नकाशा तुम्ही दाखवला. पाणी यांनाच विचारतो.”

मला ठाऊक होतं. त्या जागेवरच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्याखाली दगडी पायऱ्यांची विहीर होती. माझी आई तिथून घागर भरायची आणि मी वरच्या पायरीवर बसून तिची वाट पाहायची. पण सांगितलं तर इमारत अडणार. ताई डोळ्यांनी नको नको म्हणत होत्या.  मी हातातली खिचडीची पळी तेवढी उचलली आणि ढिगाऱ्याकडे केली.

दुसऱ्या दिवशी कचरा उपसला. चार पायऱ्या आणि एक दिव्याचा कोनाडा बाहेर आला. साहेब कोनाड्यापुढे लहान पोरासारखे उकिडवे बसले. वस्तीतल्या बायांनी मला सोडलं नाही. शेजारीण म्हणाली, “लय बोलकी झाली वं तू! आता पोरं विहिरीत बसवशील काय?” त्या दिवशी खिचडी करपली माझी.

पण साहेबांनी नुसतं अडवलं नाही. रोज येऊन सुतळीनं जागा मोजली. इमारत पंधरा पावलं बाजूला सरकवली, दार लिंबाच्या सावलीकडे केलं, विहिरीला कठडा आणि जाळी लिहिली. नवा नकाशा घेऊन ते स्वतः कचेरीत टेबलाटेबलाशी गेले. सही होईना तिथं तासभर बसून राहत, जसे घमेल्यावर बसले होते. लोक कंटाळून सही देत. मार्च संपायला दोन दिवस उरले असताना ताई नाचत आल्या, “झालं वं माय, झालं!”

त्या कागदावर ‘माहिती देणार’ म्हणून माझं नाव होतं. मी घाबरून म्हटलं, “साहेब, चौथी शिकलेली म्हणून नका लिहू.” त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “शिक्षणाचा रकानाच नाही बाई. जागा ठाऊक आहे का, एवढंच विचारलंय.”

इमारतीच्या उद्घाटनाला त्यांना कोणी बोलावलं नाही. निवृत्त झाल्यावर एका दुपारी ते आपले आपणच आले. खोलीत गार फरशीवर पोरं झोपली होती. ती पाहून बाहेर येऊन म्हणाले, “आज पाहणी नाही. आधी चहा.” मी साखर जास्त घातली. जाताना लिंबाला सुतळी गुंडाळली, फिरून आलेलं टोक सुतळीला जिथं भेटलं, बरोबर तिथं खुणेची गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. “यांच्याकडे लक्ष ठेवा.”

ती सुतळी मी खिचडीच्या डब्यांमागे खिळ्याला टांगली आहे. दर वर्षी मार्चमध्ये, कोणी बघत नाही असं पाहून, चप्पल काढते आणि माप घेते. यंदा गाठ टोकाला पोचली नाही, चार बोटं कमी पडली. साहेबांना हे सांगायला हवं. पण ते कुठं राहतात, ते मी कधी विचारलंच नाही. म्हणून लिंबालाच सांगितलं, “अहो, तुम्ही वाढलात.”