खालची डावी काच

बेकरीत तिला सगळे मावशी म्हणत. मालकही म्हणायचा, आणि तो तर तिच्याहून चार वर्षांनी मोठा होता. केकवर नावं लिहिणं हे तिचं काम. सव्वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या पोरांची नावं लिहीत आली होती. बटर पेपरचा कोन करायचा, त्यात पातळ चॉकलेट भरायचं, टोक कात्रीने छाटायचं आणि श्वास रोखून लिहायचं. अक्षर छापल्यासारखं. खोड एकच. रेघ संपली की कोन उचलताना तिचा हात जरा रेंगाळायचा आणि रेघेच्या टोकाला बारीकसा थेंब उरायचा. चांगल्या कारागिराच्या कामात असा थेंब दिसत नाही. मालकाने गोडीने सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, शेवटी नाद सोडला. तिच्या मुलाला मात्र तो थेंब फार प्रिय. लहानपणी शाळा सुटली की तो थेट बेकरीत यायचा आणि सरावाच्या कागदावरचे थेंब तेवढे बोटाने टिपून खायचा. रेघांना हात लावायचा नाही.

तो मुलगा एकोणीस वर्षांचा असताना घरातून निघून गेला.

कारण सांगायला गेलं तर अगदी साधं आहे. कॉलेजातून त्याचं नाव कमी केलं होतं आणि तरी वर्षभर तो रोज डबा घेऊन घराबाहेर पडत होता. कुठे जाऊन बसायचा देव जाणे. हे तिला कळलं ते बेकरीच्या काउंटरवर, एका गिऱ्हाइकाकडून, चार लोकांसमोर. घरी येऊन ती नको नको ते बोलली आणि शेवटी म्हणाली, "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस." रागाच्या भरात कोणती आई असं म्हणत नाही? संध्याकाळपर्यंत राग ओसरतो, ताटं वाढली जातात, विषय मिटतो. याने मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा डबा घासून पालथा घातलेला होता आणि तो नव्हता. नवरा केव्हाच वारलेला. घरात ती एकटी उरली.

पोलीस, नातेवाईक, दवाखाने, सगळं पालथं घालून झालं. दोन वर्षांनी तिला मास्तरांनी बोलावलं. गल्लीच्या टोकाला ते कॉम्प्युटरचे क्लास घेत. त्यांचा धाकटा भाऊही असाच तीस वर्षांपूर्वी न सांगता गेलेला. ज्यांचं माणूस निघून गेलंय त्यांच्यासाठी, आणि जे निघून गेलेत त्यांच्यासाठीसुद्धा, त्यांना इंटरनेटवर एक फोरम काढायचा होता. तिथे नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, फोटो टाकायचा नाही. ज्याला लिहायचं असेल त्याला एक नंबर मिळेल. कोण कुठून वाचतंय याची नोंद ठेवली जाणार नाही.

"अहो, मग शोधायचं कसं?" तिने विचारलं.

"शोधायचं नाहीच, मावशी. कोणी शोधतंय म्हटलं की गेलेलं माणूस आणखी लांब पळतं. त्याला लांबून बघू तर द्या. म्हणून नावच 'खिडकी' ठेवलंय. तेवढा लोगो तुम्ही काढून द्या. तुमच्या हाताला वळण आहे."

"मला केकवर येतं, मास्तर. पेनाने माझं मांजरसुद्धा उंदरासारखं दिसतं."

"मग चॉकलेटने काढा. मुंग्या यायच्या आत मी स्कॅन करतो."

ती घरी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी बसली आणि समोरची खिडकी बघून काढत गेली. चार काचांची खिडकी. खालची डावी काच मुलाने दहाव्या वर्षी चेंडूने फोडली होती. तिथे तिने केकच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बसवला होता, आणि काच आज लावू, उद्या लावू म्हणता पुठ्ठाच कायमचा झाला होता. चित्रात तो चौकोन तिने आडव्या रेघांनी भरला. प्रत्येक रेघेच्या टोकाला थेंब. कोणाला काही बोलली नाही. तो कुठेही असला आणि हे चित्र कधी त्याच्या नजरेस पडलं, तर ही खिडकी कोणाची आणि हा हात कोणाचा, हे त्याला सांगावं लागणार नव्हतं. तिचं सगळं शोधणं आता त्या एका चित्रात होतं.

तिला चार नंबर मिळाला. पहिल्या वर्षी सतरा माणसं जमली, मग शंभर, मग हजारांवर गेली. लोक लोगोत अर्थ शोधायला लागले. कोणी म्हणे, तो काळोखा चौकोन म्हणजे गेलेलं माणूस. थेंब म्हणजे अश्रू, हे तर सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. एकाने त्यावर लांबलचक कविताही केली. "चॉकलेट आहे रे ते, बाबांनो," ती फोनकडे बघून म्हणायची. रोज सकाळी कामावर जाण्याआधी खिडकी उघडायची, चित्र बघायचं, नवीन कोणी आलंय का बघायचं, हा तिचा नेम. पुठ्ठा हा शब्द मात्र कोणालाच सुचला नाही, आणि तिनेही कधी लिहिला नाही.

अशी नऊ वर्षं गेली. मास्तरांची नजर अधू झाली आणि फोरम पाच जणांच्या समितीकडे गेला. समितीचं म्हणणं पडलं की फोनवर जुना लोगो डाग पडल्यासारखा दिसतो. त्यांनी नवा करून घेतला. निळा, नीटस, चारही काचा स्वच्छ. मत द्या म्हणाले.

मास्तर चाचपडत तिच्याकडे आले. "तुम्ही नको म्हणा, मी भांडतो. पण काहीतरी कारण द्यावं लागेल."

कारण द्यायचं म्हणजे सगळं उघड लिहायचं. तो वाचत असला तर आई शोधतेय हे त्याला कळणार, आणि तो आणखी लांब जाणार. शिवाय तिला राग आला होता. त्याचा, चित्राचा, स्वतःचा.

"बदला," ती म्हणाली. "नऊ वर्षांत ओळखलं नाही कोणी, आता कोण ओळखतंय?"

तिने स्वतःही बदलण्याच्या बाजूने मत दिलं.

सोमवारी नवा लोगो लागला. बुधवारी सकाळी चहा गाळून ठेवून तिने फोन घेतला, तर दोनशे बारा नंबरने काहीतरी लिहिलं होतं. सहा वर्षांपूर्वी उघडलेलं खातं, आणि आजवर एक शब्द नाही.

"खिडकीला काच बसली वाटतं. पुठ्ठा गेला. मी रोज सकाळी तेवढा बघून कामाला जायचो. पुठ्ठा आहे तोवर घर तसंच आहे, असं वाटायचं. काच लावली म्हणजे आता सगळं मार्गी लागलं असणार. बरं झालं. सुखी राहा."

तो जिवंत होता. कामाला जात होता. तिने एका बोटाने लिहिलं, "पुठ्ठा आहे रे अजून. मी आई. घरी ये." पाठवलं. खाली ओळ आली: या सदस्याने आपलं खातं बंद केलं आहे.

ती तशीच मास्तरांकडे धावली. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात शेजारणीची.

"कुठून लिहिलंय तेवढं काढून द्या. पाया पडते."

"नोंदच ठेवलेली नाही हो, मावशी," मास्तर म्हणाले आणि रडायला लागले. "तेच तर वचन दिलं होतं सगळ्यांना."

तिला ते माहीत होतं. वचन दिलं तेव्हा ती समोरच बसलेली होती.

मग ती म्हणाली, "सहा वर्षं, मास्तर. सहा वर्षं आम्ही दोघं रोज सकाळी एकच चित्र बघत होतो. आणि मी म्हणाले, बदला."

दुपारपर्यंत समितीने कोणी न सांगता जुना लोगो परत लावला. कवितावाल्याने आपली कविता गुपचूप काढून टाकली. दोनशे बारा नंबर परत दिसला नाही.

त्या रविवारी तिने खिडकीचा ओलसर पुठ्ठा काढला आणि बेकरीतून आणलेल्या खोक्याचा नवा कापून बसवला. मग कोन भरला. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची नावं लिहिली होती, त्या दिवशी पुठ्ठ्यावर आपल्या पोराचं लिहिलं, आणि फोटो काढून फोरमवर टाकला. नाव आणि फोटो, दोन्ही नियम मोडले. कोणी तो काढला नाही.

चॉकलेटला मुंग्या लागतात. म्हणून दर रविवारी ती पुठ्ठा बदलते, नाव पुन्हा लिहिते आणि नवा फोटो टाकते. शेवटच्या अक्षराच्या टोकाला थेंब असतो. तो बोटाने टिपायला आठवडाभर कोणी येत नाही.