साध्या गाडीची डबल बेल

पहाटे खिडकीच्या गजावर किल्ली दोनदा वाजायची आणि पाठोपाठ आवाज यायचा, “डबल बेल झाली, पत्रकार! गाडी हलवा.”

हे आमचे काका, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मूळचे तिसगावचे, नगरला सावेडीत आमच्या शेजारी एकटे राहायचे. गल्लीतल्या आम्हा चार-पाच जणांना त्यांनी पळायला लावले. रविवारी लांब पळायचे आणि सोमवारी, त्याच दुखऱ्या पायांनी, पाय मोकळे करायला पुन्हा हळूहळू पळायचे.

“काल जलद गाडी हुती. आज साधी. समदे थांबे घेनार.”

“काका, पाय उचलत नाहीत हो.”

“साधी गाडी अशीच असती, खडखड करीत. पन पोचती.”

ही गाडी खरोखर प्रत्येक थांब्यावर थांबे. खांबावर किल्ली एकदा वाजली की थांबायचे, दोनदा वाजली की निघायचे. कोणी पुढे पळाला की ते ओरडत, “ओ, तुमचं तिकीट कुटलं हाय?”

गेल्या हिवाळ्यात शहरात दहा किलोमीटरची स्पर्धा होती. वडिलांनी आता पुण्याला आपल्याकडे यावे, असा काकांच्या लेकीचा हट्ट होता. त्यांनी तिला अट घातली: वेळेत पोहोचून पदक मिळाले तर नगर सोडणार नाही, नाही मिळाले तर सामान बांधतो.

ते उत्तम पळत होते. माळीवाडा स्टँडसमोर मात्र अचानक वळले आणि आत शिरले. मी मागोमाग गेलो, पण गर्दीत ते सापडायला बराच वेळ गेला. छातीवर नंबर लावलेले काका कंट्रोलरच्या खिडकीपुढे रांगेत उभे होते.

“काका, इथे काय?”

“नोंद केल्याबिगर गाडी स्टँडातून काढायची न्हाई,” ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या बुटांकडे पाहिले. “आरं तिच्या!”

आम्ही पोहोचलो तेव्हा शेवटच्या रेषेवरची कमान उतरवणे चालू होते.

दुसऱ्या दिवशी कोणी उठणार नव्हते. किल्ली वाजली. साधी गाडी सुटली, सगळे थांबे घेतले. भिस्तबाग चौकात ते म्हणाले, “लेकीला सांगितलं, येतो म्हनून.”

“पदकाचं काय सांगितलंत?”

“गाडी लेट झाली म्हनलं.”

ते पुण्याला गेल्यावरही आम्ही सोमवारी कोपऱ्यावर जमतो. बूट बांधलेले असतात, पाय दुखत असतात. बेल झाल्याशिवाय कोणी हलत नाही. परवा एकाने खांबावर किल्ली वाजवली, ती चुकून एकदाच.

आम्ही सगळे थांबूनच राहिलो.