मल्लूचं पुढचं चाक

मल्लू गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर सायकल पुसत होतो. जून संपत आला होता, ढग नुसते येऊन तोंड दाखवून जात होते. फोन शिवलीलाचा होता, मल्लूच्या मुलीचा. "सर, अप्पा गेले," ती म्हणाली. दुपारी जेवून दुकानातच जरा आडवा झाला होता. चहाला उठवायला गेली, तर उठलाच नाही. मी फोन ठेवला आणि पुन्हा सायकल पुसायला लागलो. चाकाच्या तारा एकेक करून पुसल्या, पुढच्या, मग मागच्या, मग परत पुढच्या… बायको वर आली, तिनं माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, तेव्हा कुठं मला रडू फुटलं.

मल्लिनाथचं सायकलचं दुकान सोलापुरात सात रस्ता चौकापासून जरा आत, एका बोळाच्या तोंडाशी आहे. पाटी नाही. पाटीची गरजच पडली नाही, कारण दारातून आत पाहिलं की आधी मल्लूची पाठ दिसायची. रस्त्याकडे पाठ करून, बुटक्या स्टुलावर बसून तो चाकाचा आऊट काढत असायचा. वाकडं चालणारं चाक स्टँडला लावायचं, बोटानं फिरवायचं, जिथं लचकेल तिथली तार अर्धा आटा आवळायची, पुन्हा फिरवायचं. घाई नाही. सरळ झालं की "साकु" म्हणायचा, पुरे. घरी कानडी, दुकानात मराठी, आणि चाकाशी बोलायचं तर पुन्हा कानडी, असा त्याचा कारभार होता.

जुलै आला की संध्याकाळी या दुकानाचा नूर पालटायचा. युरोपातली ती तीन आठवड्यांची सायकलशर्यत मोबाइलवर लागायची. ग्रीसच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा करायचा आणि आम्ही आठ-दहा म्हातारे, अर्धे म्हातारे त्याच्यापुढं कोंडाळं करून बसायचो. बाहेर हॉर्न, धूळ, भज्यांचा वास. आणि त्या एवढ्याशा काचेत हिरवे डोंगर, सूर्यफुलांची शेतं, रंगीत सदऱ्यांची एक लांबलचक रांग वळणावळणानं वाहत चाललेली… बघता बघता गुंगी यायची. कधी वाटायचं, ती माणसं चाललेलीच नाहीत, रस्ताच त्यांच्या खालून सरकतोय आणि आपलं दुकानही हळूहळू त्याच्याबरोबर निघालंय.

गुंगी उतरायची ती त्या दिवसाची शर्यत संपल्यावर. कारण मग खरा सामना सुरू व्हायचा: जिंकलेल्याचं श्रेय किती? भिंतीवर खिळ्याला एक जुनं चाक टांगलेलं होतं, बत्तीस तारांचं. त्यातल्या किती तारा जिंकलेल्याच्या, ते भांडून ठरवायचं आणि तेवढ्या तारांना लाल सूत बांधायचं, हा दुकानाचा रिवाज. सूत नरसय्या आणायचे. त्यांचे चार यंत्रमाग आहेत, खिशात कायम धाग्याचा गुंता. ते म्हणायचे, "ताणा कोण लावला, कांड्या कोण भरल्या, ते कोण बघतंय हो? चादरीवर छाप एकाचीच. आठ जणांची टीम हाय त्याची. सात जणं वारा खाल्ले, म्हणून ह्यो पुढं आला. चार तारा द्या, लई झालं." रिक्षावाले रफिकभाई सगळं श्रेय सायकलीला देऊन मोकळे व्हायचे. "वैसी सायकल अपन कू दिये तो अपन बी जीत जाते, क्या बात करते!" मग त्यांच्या पोटाकडे पाहून कोणीतरी हसायचं आणि विषय आणखी तापायचा.

या सगळ्यांत हट्टी मी. मी शाळेत पीटीचा शिक्षक होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो; आवाज चढवायची सवय आहे. मी म्हणायचो, शेवटची रेघ एकाच्याच चाकाखाली येते. सात जणांनी वारा अडवला, कबूल. पण शेवटी पाय त्याचे, छाती त्याची. बत्तीसच्या बत्तीस तारा त्याच्या! मल्लू यात कधी पडला नाही. तो काचेत भलतंच बघायचा. जिंकणाऱ्याकडे त्याचं लक्षच नसायचं. त्याच्यापुढं वाऱ्यात घुसून ओढणारा गडी दमून बाजूला झाला, रांगेतून मागं मागं गळत गेला, की हा बोट लावून दाखवायचा. "बघा, ह्येचं काम झालं. आता ह्येला कोण बघत न्हाय." आणि मग हातातल्या चाकाकडे वळायचा.

मी एवढा का भांडायचो ते आता सांगतो. ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

पस्तीसेक वर्षांपूर्वी सोलापूर ते मंगळवेढा आणि परत अशी एक सायकलशर्यत झाली होती. साध्या सायकली, मडगार्ड आणि कॅरियर काढून हलक्या केलेल्या. मी आणि मल्लू दोघंही होतो. वडील कामाला होते ती गिरणी बंद पडून आमच्या घरी सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले होते. एका शाळेत पीटी शिक्षकाची जागा होती आणि पहिल्या नंबराचं प्रमाणपत्र असलं तर काम होईल असं कळलं होतं. जानेवारीची सकाळ होती. मल्लू शहराबाहेर उभा राहून जोंधळ्याच्या रानाकडे बघत होता. कणसं भरलेली, सगळी एका अंगाला कललेली. "जाताना वारं पाठीवर हाय, दिन्या," तो म्हणाला. "येताना तोंडावर येतंय. येताना तू माझ्या मागंच ऱ्हा. हूं का चूं करू नगंस." मी म्हणालो, तुला नाही का जिंकायचं? तर म्हणतो, "मला दुकान हाय की. तुला काय हाय?"

मंगळवेढ्याहून वळलो आणि वारा आला. पन्नासहून जास्त किलोमीटर तो माझ्यापुढं राहिला. एकदाही त्यानं मला पुढं घेतलं नाही. मी त्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर होतो आणि तिथं, त्या वीतभर जागेत, वारा नव्हताच. एखाद्या बंद खोलीत सायकल चालवावी तशी शांतता होती. त्याचा निळा सदरा घामानं काळा होत गेला, मग वाऱ्यानं वाळून त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या… दोन्ही बाजूंनी जोंधळा सळसळत असणार, भीमेचा पूल लागला असणार, कामतीला माणसं ओरडली असणार. मला काही आठवत नाही. ज्या रस्त्यावर मी जिंकलो, तो रस्ता मी पाहिलेलाच नाही. आजही डोळा लागता लागता मला ती पाठ दिसते आणि अंगावरचा वारा एकदम पडतो.

शेवटची रेघ दिसायला लागली तेव्हा आमच्या मागं तिघे होते. मल्लू बाजूला झाला आणि ओरडला, "होगु दिन्या, होगु!" जा म्हणाला, स्वतःच्या भाषेत. मी सीटवरून उठून सायकल मारली आणि जिंकलो. मागच्या तिघांनीही त्याला गाठलं. तो पाचवा आला. मग एक वार्ताहर पुढं आला. एवढ्या वाऱ्यात कसं जमवलं, म्हणाला. मल्लू माझ्या शेजारीच, एका हातानं माझी आणि दुसऱ्या हातानं स्वतःची सायकल धरून उभा होता. आणि मी, चोवीस वर्षांचा, नोकरीला हपापलेला मी म्हणालो, "एकट्यानंच झुंज दिली वाऱ्याशी."

का म्हणालो? खरं सांगितलं तर प्रमाणपत्राला उणेपणा येईल असं वाटलं, की फक्त भरून आलं होतं म्हणून… इतकी वर्षं हा प्रश्न मी चघळतो आहे. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य मथळा होऊन आलं, माझ्या हात वर केलेल्या फोटोसकट. नोकरी लागली. मल्लूनं ते कात्रण काचेच्या चौकटीत बसवून दुकानात लावलं आणि माझी ऑर्डर निघाली त्या दिवसापासून मला दिन्या म्हणायचं सोडून "सर" म्हणायला लागला. मी एकदाही म्हटलं नाही, की अरे, दिन्याच म्हण. त्या चौकटीकडे तर मी कधी नजर वर करून पाहिलं नाही. तिच्याखाली बसायचो आणि बत्तीस तारांसाठी भांडायचो. जिंकणाऱ्याचं सगळं श्रेय जिंकणाऱ्याचं, हे एकदा दहा माणसांत सिद्ध झालं की माझी सुटका होईल, असा काहीतरी हिशेब मनात असणार. गेल्या वर्षी मी जिंकलो तो वाद. सगळे कंटाळून गप्प झाले. मल्लूनं सुताचा गुंता माझ्या हातात दिला. "तुमीच बांधा, सर." शर्यतीचा शेवटचा दिवस होता, आणि शेवटच्या दिवसाचं सूत पुढच्या जुलैपर्यंत तसंच ठेवायचं असतं. मी बत्तीस गाठी मारल्या.

तो जायच्या दोन दिवस आधी मी दुकानात गेलो होतो. आज सांगायचंच, असं ठरवून. तो नेहमीसारखा पाठ करून बसला होता. त्या पाठीशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. "बसा की सर," तो न वळता म्हणाला. मी बसलो. पाऊस कधी येतोय म्हणालो. गुडघा दुखतोय म्हणालो. त्यानं चहा मागवला… चाक फिरत राहिलं, तार वाजत राहिली, आणि मी उठून घरी आलो.

जुलैत, शर्यतीच्या पहिल्याच दिवशी, शिवलीलानं मला बोलावून घेतलं. दुकान आता तीच बघते. हात बापाचाच आहे. मोबाइल ग्रीसच्या डब्याला टेकवलेला होता, नरसय्या, रफिकभाई, सगळे आले होते. स्टूल मात्र रिकामं. त्यावर बसायला कोणी तयार नव्हतं. शर्यत संपली, आणि पहिल्यांदाच कोणी भांडेना. मी उठलो आणि म्हणालो, आधी ती चौकट खाली काढा, त्यात लिहिलंय ते खोटं आहे. आणि मग सगळं सांगून टाकलं, पस्तीस वर्षांचं, उभ्यानं, वर्गात चूक कबूल करणाऱ्या पोरासारखं. नरसय्या चष्मा पुसत होते.

शिवलीलानं चौकट काढली, पदरानं काच पुसली आणि माझ्यापुढं धरली. "अप्पा सांगून ठेवले होते, ह्ये काढायचं न्हाय म्हणून. त्यात मी बी हाय म्हणायचे." मी पहिल्यांदा नीट पाहिलं. हात वर केलेला मी, आणि फोटोच्या अगदी कडेला, माणूस नाही, नुसतं एका सायकलचं पुढचं चाक. रिंगवर व्हॉल्व्हजवळ चार बोटं पांढरा रंग. आऊट दिसावा म्हणून मल्लूनं लावलेला असणार. त्याचं मागचं चाक मला पाठ होतं. पुढचं मी कधी बघितलंच नव्हतं. शिवलीलानं भिंतीवरच्या चाकाकडे बोट केलं. माझ्याच लाल गाठींच्या आड, पिवळा पडलेला, चार बोटं पांढरा रंग होता.

इतकी वर्षं वाद घालायचो ते त्या चाकावर. वारा कापत आलेलं चाक ते. त्याच्या एकेका तारेवर मी माझं नाव सांगत होतो आणि तो सूत पुरवत होता.

मी चाक खाली घेतलं. बत्तीस गाठी सोडल्या. वर्षभराच्या धुळीनं सूत चिवट झालं होतं, नखं दुखली, पण कोणाची मदत घेतली नाही. मग एक धागा घेतला आणि एका तारेला बांधला. म्हणालो, "शेवटची दोनशे पावलं माझी. एक तार. बाकी सगळ्या मल्लूच्या."

शिवलीला ते बघत उभी होती. मग तिनं नरसय्यांच्या हातातून आणखी एक धागा घेतला आणि माझ्यापुढं धरला. "अप्पा ह्यो हिशेब कवाच करून ठेवले होते, सर. शेवटी दिन्या लई जोरात मारला म्हणायचे. दोन तारा त्येच्या म्हणायचे."

रिकाम्या स्टुलासमोर खाली बसून मी दुसरा धागा बांधायला घेतला. डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं, आणि गाठ काही केल्या बसेना.