चाटलेली कॅप्सूल

राम राम मंडळी. मी बोलून राहिले अन् सुट्टीला आलेली नात शीतल टाइप करून राहिली. ती औषधाच्या कॉलेजात शिकते.

आमच्या म्हाताऱ्याला शुगर हाय. डॉक्टरनं शुगर उतरवणाऱ्या गुडमारच्या पाल्याच्या अर्काची कॅप्सूल दिली, आत मोहरीएवढे दाणे. शीतलनं बजावलं होतं, "आबा, एकेका दाण्यावर कवच असतंय. औषध दिवसभर थोडं थोडं सुटतंय. पाण्यासंगं तशीच गिळा."

पण म्हातारा मात्रा चाटून वाढलेला! "उगाळल्याबिगर औषध रक्तात जात न्हाई," म्हणून आज सकाळी त्यानं कॅप्सूल फोडली, दाणे सहाणेवर उगाळले अन् उपाशीपोटी चाटले. मी हसले, "चाटा, बाळसं धरताल!"

थोड्या वेळानं त्याला दरदरून घाम फुटला. हात लटलटा कापायले. मला म्हणे, "बाई, तुमी कोन?"

माझं हसू तिथंच मेलं.

शीतलनं सहाण बघितली अन् ओरडली, "आजी, दिवसभराचं औषध एकदम गेलं, शुगर पार खाली उतरली! साखर आण!" चमच्या-चमच्यानं साखरपाणी पाजत आमी दवाखान्यासाठी सेनगावची जीप धरली. दर खड्ड्याला मी हाक मारायची, तो नुसता बघायचा.

सेनगाव दिसायला लागलं तवा त्यानं चमचा ढकलला. "साखर काहून पाजतीस? मला शुगर हाय की!"

मला रडूच फुटलं. इतक्या वर्षांत त्याचं खेकसणं पहिल्यांदा गोड लागलं.

डॉक्टरला दाखवून आता घरी आणलाय. सहाण मी पेटीत घालून कुलूप लावलंय. तुमच्या घरचं म्हातारं माणूस औषध नेमकं कसं घेतं, कुणी डोळ्यानं बघितलंय का?