गुडघ्यात काळीज नसते

"जेवायचा हात वर करा." एक्स-रेच्या टेबलाजवळ आलेल्या प्रत्येकाला बाई आधी हेच सांगायच्या. पाटील असो की रिक्षावाला, तो हसत हात वर करायचा आणि फोटोत उजवी बाजू कळावी म्हणून बाई त्या बाजूला उजव्याचं शिशाचं अक्षर लावायच्या. आम्हाला वाटायचं, बाईंची गंमत आहे.

ही नागपूरच्या आमच्या दवाखान्यातली गोष्ट, ऐंशी सालाच्या आसपासची. बाई फोटो काढायच्या, मी डार्करूममध्ये ते धुवायचो. मी तिसरीपर्यंत शिकलो. पण माझ्या हातून एकही फिल्म खराब झाली नाही. कोणी वेगळं सांगत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. इंग्रजीची दोन अक्षरं मला बाईंनीच शिकवली, एक उजव्याचं, एक डाव्याचं. म्हणायच्या, "हे चुकलं का डॉक्टर चांगली बाजू कापते, भाऊ."

त्यांचा आजार सांध्यांपासून सुरू झाला. मग नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाली आली. ऊन लागलं की ती वाढायची. नर्सा टोमणे मारायच्या, "काहून वं बाई, आज लाली कोणासाठी?"

"डॉक्टरसाठी. तेच पाहून राहिले रोज."

मला मात्र त्यांनी नीट सांगितलं होतं. "शरीराले आपलं-परकं समजून नाही राहिलं, भाऊ. मलेच परकी समजून मारून राहिलं."

पुढे त्याच आजारात बाईंचे शब्द हरवू लागले. कात्री पाहिजे तर बोटांनी कापून दाखवायच्या. उजवं-डावं कधी गेलं ते त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. जेवायचा हात त्यासाठीच काढला होता. आपल्याकडे डावखुरा माणूसही उजव्यानंच जेवतो, तेव्हा युक्ती पक्की होती.

एक दिवस वाडीच्या गोदामातला हमाल छातीच्या फोटोला आला. त्यानं हात वर केला. फिल्म धुऊन टांगली आणि मी बाईंना आत बोलावलं.

"बाई, याचं काळीज उजवीकडे आहे."

बाई बाहेर गेल्या. हमालाचा उजवा पंजा दुपट्ट्यात गुंडाळलेला होता. त्याची बोटं मागंच कधीतरी मशीनीत गेली होती. तो डाव्यानं जेवायचा.

तेव्हा बाईंनी मला खरं काय ते सांगितलं. मी म्हणालो, "दुसरा फोटो काढून टाका. कोणाले समजते?"

"आज काळजानं सांगितलं. उद्या गुडघा आला तर? गुडघ्यात काळीज नसते, भाऊ."

ती फिल्म घेऊन त्या स्वतः मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. मी पस्तीस वर्षं नोकरी केली. आपली चूक ओली असताना साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवणारं माणूस एकच पाहिलं.

डॉक्टरांनी त्यांना मुंबईला पाठवलं. डोक्याचा आतून फोटो काढणारी नवी मशीन आमच्याकडे नव्हती. फोटो साफ आला. ऑफिसातले साहेब म्हणाले, "डोकं चांगलं निघालं. आता नाटक बंद. मशीनवर उभ्या राहा."

दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. बाईंनी ती फिल्म लाइटबॉक्सवर लावली आणि कारागीर दुसऱ्याचं काम पाहतो तशी पाहिली.

"सुंदर काढली. दोन्ही बाजू सारख्या. फक्त कोणती कोणती, ते मले सांगता येत नाही."

"मग फोटो खोटा आहे का?"

"खोटा काहून राहील? त्याले दिसते ते तो सांगते. माझं विसरणं त्याले दिसत नाही."

मी म्हणालो, "अक्षर मी लावतो, तुम्ही मशीन चालवा."

"अन् तुम्ही सुट्टीवर गेले तर?"

"मी सुट्टी घेत नाही."

"एखाद्या दिवशी मराल ना, भाऊ," म्हणाल्या आणि हसल्या.

त्यांनी राजीनामा लिहिला. चार ओळींना तीन दिवस लागले. कारण लिहिलं : मला उजवं-डावं आठवत नाही. त्या दिवशी त्यांना जिना चढवेना, म्हणून दोन्ही प्रती घेऊन मीच वर गेलो. साहेब म्हणाले, "ही ओळ खोडायला सांग. घरगुती कारण लिहा म्हणावं. लोक हसतील."

मी म्हणालो, "मी नाही सांगणार." आणि तिथंच उभा राहिलो. जेवणाची सुट्टी झाली, संपली. शेवटी त्यांनी शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी पोच द्यायला बाईंच्या घरी गेलो तर कुलूप. थोरला भाऊ येऊन त्यांना वर्ध्याला घेऊन गेला होता. पुढच्या उन्हाळ्यात त्या तिकडंच वारल्या.

पोच माझ्याकडेच राहिली. साहेबांनी शिक्का रागारागात नेमका त्या ओळीवर मारलेला आहे. तरी ओळ वाचता येते. मलाही येते.