पहिला डबा, शेवटचा डबा

काबूलकर आणि त्यांची बायको कधीही एका डब्यात बसत नसत. सिंगापूरच्या बिशान मेट्रो स्टेशनवर दोघं गप्पा मारत यायचे आणि प्लॅटफॉर्मवर पोचले की काबूलकर पुढच्या टोकाला, वहिनी मागच्या टोकाला. आठ वर्षांची मिनू आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. उतरल्यावर गप्पा होत्या तिथून पुढे सुरू, जणू मधला प्रवास कुणी कात्रीने कापून काढला होता.

त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं. काबूलच्या एका इस्पितळात एक्स-रे मशिनं दुरुस्त करायला ते बायको-पोरीसह गेले आणि लढाईत दोन वर्षं अडकले. तिथून सुटून इथे तुआस भागातल्या एका कारखान्यात लागले, तेव्हा आमच्या ब्लॉकमधल्या मराठी मंडळींनी त्यांचं हे नवं बारसं केलं.

मला लोकांचे संसार सांधायची जुनी खोड. हे दोन टोकांचं प्रकरण पाहून मी निदान केलं : अबोला! "अहो, तुम्हाला सरपंच कुणी नेमलंय? स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नाही!" असं आमची ही म्हणाली. तरी मी काबूलकरांना ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, गाठलं आणि सहजीवनावर अर्धा तास व्याख्यान दिलं. चहा संपेपर्यंत त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले, "पण एकजण तिकडे असलेला बरा."

हे वाक्य त्यांच्या तोंडी सतत असे. आमच्या गणपतीच्या आरतीला वहिनी देवापाशी, तर हे झांजा घेऊन बाहेर लिफ्टपाशी. "आत या हो!" "असू दे, एकजण इकडे असलेला बरा." बाहेरून, किंचित मागून, त्यांची झांज स्वप्नात ऐकू यावी तशी ऐकू यायची.

मग आमच्या मराठी मंडळाची सेंटोसा बेटावर सहल निघाली. केबल कारच्या पाळण्यात वहिनी आणि मिनू बसल्या होत्या. मी काबूलकरांना मागून ढकललं, दार बंद झालं आणि मी टाळ्या वाजवल्या. मागच्या पाळण्यातून मला त्यांची तीन डोकी दिसत होती. खाली निळं पाणी, त्यावर खेळण्यातल्यासारखी जहाजं, आणि तो काचेचा पाळणा उन्हात इतका हळू तरंगत चाललेला, की वेळ थांबलाय असं वाटावं. मोठी दोन डोकी मात्र जराही हलत नव्हती.

पलीकडे उतरले तेव्हा काबूलकरांचा शर्ट घामाने भिजला होता. वहिनी डोळे पुसत होत्या. मिनू इथल्या शाळेतल्या इंग्रजीत ओरडत नाचत होती, "अगेन ला, पपा! ऑल थ्री!"

दुपारी वाळूत बसून ते मला म्हणाले, "रॉकेट सांगून येत नसे, आणि भूक तर रोज लागायची. मग नान आणायला मी, पाणी भरायला ही. खिडक्यांना काचा उरल्या नव्हत्या, प्लास्टिक लावलेलं. रॉकेट पडलं की ते प्लास्टिक आत फुगायचं, घराने श्वास घेतल्यासारखं. मग शेजारची म्हातारी पुटपुटत गच्चीवर जायची आणि वाळत घातलेले जर्दाळू पुन्हा झटकायची. धूळ बसली म्हणून!" ते हसले. मग म्हणाले, "एकदा गल्लीतलं एक जोडपं नानच्या रांगेत एकत्र उभं होतं. त्यांची मुलगी संध्याकाळपर्यंत दारात बसून होती. त्या दिवशी आम्ही ठरवलं, मिनूला एकजण तरी उरला पाहिजे."

आणि या माणसाला मी सहजीवन शिकवायला गेलो होतो! तोंड खुपसायला समोर भरपूर वाळू होती, पण सगळं मंडळ बघत होतं.

पुढच्याच सोमवारी मिनू प्लॅटफॉर्मच्या बरोबर मध्यावर जाऊन उभी राहिली. "मी मधल्या डब्यात. दोघं या, नाहीतर मी एकटी जाते." आईबाप आपापल्या टोकांना. गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. पोरीच्या शाळेला उशीर होत होता, माझ्या ऑफिसलाही, पण मी खांबाआडून हलेन तर शपथ! तिसऱ्या गाडीच्या वेळी वहिनी चालत आल्या. चौथी बोगद्यातून उजेडात आली, तेव्हा काबूलकर निघाले. सबंध प्लॅटफॉर्म त्यांनी इतका सावकाश पार केला, की वाटलं, हे काबूलहून चालत येताहेत. दारं मिटता मिटता ते आत शिरले. माझी गाडी अर्थातच चुकली.

दोन वर्षांनी नोकरीचा करार संपला आणि ते पुण्याला परत निघाले. सिंगापुरात येताना दोघं वेगवेगळ्या विमानांनी आले होते. चांगी विमानतळावर मात्र काबूलकरांनी तीन बोर्डिंग पास माझ्यापुढे धरले. शेजारशेजारच्या जागा, मध्ये मिनू.

"अहो, आणि तिकडे कोण?" मी विचारलं. नको तिथे थट्टा करायची, हीही खोडच.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हाला ठेवून चाललोय ना."

ती तिघं आत गेली. "चला आता," ही म्हणाली. मी तिला पुढे पाठवलं, गॅलरीच्या काचेपाशी जाऊन उभा राहिलो, आणि त्यांचं विमान ढगात दिसेनासं होईपर्यंत पापणीसुद्धा हलवली नाही. ड्यूटीवर होतो.